जुना लॅपटॉप, जांभ्याच्या भिंती आणि मध्येच तुटणारं लाइव्ह

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या गावातलं जांभ्याचं जुनं घर. आई दर शनिवारी संध्याकाळी माजघरात पेटीचा वर्ग घेतात आणि तो यूट्यूबवर लाइव्ह जातो. विद्यार्थी पुण्यात, ठाण्यात, काही अमेरिकेत. लॅपटॉप २०१३ चा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १०. ओबीएस या लाइव्ह पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधून १०८० पी, ६००० केबीपीएसवर (म्हणजे ६ एमबीपीएसवर) प्रक्षेपण. फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, मोबाइलवर स्पीड टेस्ट ९० च्या आसपास दाखवते. तरीही दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र अडकतं, कधी लाइव्ह पूर्णच तुटतं. आईंच्या कानात ब्लूटूथ इअरफोन असतात, रेकॉर्डिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं. राउटर पडवीत आहे. तो एकदा बदलून झाला, फरक पडला नाही. आता चार अँटेनांचा महागडा राउटर घ्यावा का?

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. गावोगावची कीर्तनं, लग्नं, उत्सव लाइव्ह करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आणि जुन्या संगणकावरून लाइव्ह तुटण्याच्या तक्रारीत राउटरवर खर्च झालेला पैसा बहुतेक वेळा वाया गेलेला पाहिला आहे. तुमच्या प्रश्नातच तीन-चार धागे दिसतात, आणि ते सगळे लॅपटॉपच्या बाजूचे आहेत.

सगळ्यात आधी स्पीड टेस्टबद्दल, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. तुम्ही टेस्ट मोबाइलवर केलीत. तुमचा मोबाइल लॅपटॉपपेक्षा बराच नवा असणार, त्याचा वायफाय रेडिओ वेगळा आणि बहुधा तो वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला असतो. म्हणजे ती टेस्ट मोबाइलची झाली, लॅपटॉपची झालीच नाही. दुसरं म्हणजे स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि काही सेकंदांचा हिशेब करून एक आकडा देते. मध्ये दोन सेकंद सगळं ठप्प झालं असेल तरी त्या आकड्यात ते दिसत नाही. लाइव्हला मात्र तेच दोन सेकंद महागात पडतात.

घरात सिनेमा बिनतक्रार चालतो, व्हिडिओ कॉल चालतो, हेही खूपजण सांगतात. सिनेमा बघताना प्लेअरने पुढची काही सेकंदं आधीच उतरवून ठेवलेली असतात, त्यामुळे मध्ये जाळं गेलं तरी पत्ता लागत नाही. व्हिडिओ कॉल अडचण आली की चित्राचा दर्जा आपोआप खाली आणतो आणि हरवलेला तुकडा सोडून पुढे जातो. ओबीएसमधून जाणारं प्रक्षेपण आरटीएमपी या पद्धतीने जातं आणि ती टीसीपीवर चालते. टीसीपीत हरवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा पाठवला जातो आणि तो पोचेपर्यंत मागचा माल, म्हणजे डेटा, थांबून राहतो. हा साठा जेमतेम पाऊण-एक सेकंदाचा झाला की ओबीएस चित्राच्या चौकटी (फ्रेम) टाकून द्यायला लागतं. आवाज ते शक्यतो टाकत नाही, म्हणून आधी चित्र अडकतं आणि सूर चालू राहतो. जोडणीच तुटली की मग सूरही जातो.

आता या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, म्हणून सिग्नल चांगला आहे असं आपण धरून चालतो. त्या काड्या सांगतात ते इतकंच, की राउटरचा आवाज लॅपटॉपला किती ऐकू येतो. लाइव्हमध्ये माल उलट्या दिशेने जातो. लॅपटॉपचं बोलणं राउटरला ऐकू यायला हवं, आणि जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड राउटरपेक्षा कमी ताकदीने बोलतं. अँटेना लहान, झाकणात दडलेल्या. चार अँटेनांचा राउटर आणलात तर काड्या वाढतील, लॅपटॉपचा आवाज त्यामुळे मोठा होणार नाही. राउटर बदलून तुम्हाला फरक का पडला नाही, याचं कारण मला इथे दिसतं.

त्या काळातल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत बहुधा ८०२.११ एन प्रकारचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, एकाच अँटेनावर पाठवणारं कार्ड असायचं. अशा कार्डाचा २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा कागदी वेग जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस, हातात पडतो तो साधारण अर्धा. सिग्नल खालावला की कार्ड आणि राउटर मिळून वेग पायरीपायरीने उतरवतात, आणि शेवटच्या पायरीवर तो ६.५ एमबीपीएस असतो, तोही कागदी. तुमचं चित्र ६ एमबीपीएसचं. म्हणजे कार्ड तळाच्या पायरीवर गेलं की तुमचा माल त्यात मावतच नाही, आणि त्याच्या वरच्या १३ च्या पायरीवरही जेमतेम मावतो. जांभ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात ओल धरलेली, मध्ये लोखंडी कपाट. एवढ्यावर कार्ड थोडा वेळ खालच्या पायरीवर जाणं अगदी सहज घडतं. बाकी शंभर एमबीपीएस पडवीपर्यंत येऊन थांबलेले असतात.

हा झाला माझा अंदाज. अंदाजावर काही बदलू नका, आधी तुटतं कुठे ते बघा. माल तीन टप्प्यांतून जातो: लॅपटॉप ते राउटर, राउटर ते कंपनीचं जाळं, तिथून यूट्यूब. कुठला टप्पा तुटतो हे शोधायला पैसे लागत नाहीत.

यासाठी पिंग पुरतं, ते समोरच्या यंत्राचं उत्तर किती वेळात येतं ते मोजतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग, मग राउटरचा पत्ता आणि शेवटी डॅश टी असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर तो लिहिलेला असतो. दुसऱ्या खिडकीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) द्या. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि एक खाजगी लाइव्ह अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. यूट्यूबवर प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड ठेवलं की विद्यार्थ्यांना दिसणार नाही. लॅपटॉप माजघरात, आई बसतात त्याच जागी हवा. पडवीत राउटरशेजारी बसून केलेली चाचणी काहीच सांगत नाही.

चित्र अडकलं त्या क्षणी खिडक्यांत काय आहे ते पाहा. राउटरला जाणारं पिंग एरवी एक ते पाच मिलिसेकंदांत परत येतं. ते दोनशे-तीनशेवर उडालं किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत आहे. कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरचं पिंग शांत आणि फक्त ८.८.८.८ चं बिघडलं, तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही शांत असून ओबीएस चौकटी टाकत असेल तर यूट्यूबकडचा रस्ता, अँटिव्हायरस किंवा खुद्द लॅपटॉपची दमछाक, यांपैकी काहीतरी.

त्याच वेळी ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवा. तिच्यात तीन वेगवेगळे आकडे असतात आणि लोक ते एकच समजतात. ड्रॉप्ड फ्रेम्स म्हणजे जाळ्यामुळे टाकलेल्या चौकटी. एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या म्हणजे प्रोसेसरला चित्र आवळायला वेळ पुरला नाही. रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या म्हणजे ग्राफिक्सची बाजू कमी पडली. बघणाऱ्याला तिन्ही वेळा चित्र अडकलेलंच दिसतं, उपाय मात्र पूर्ण वेगळे. पहिला आकडा वाढत असेल तरच वायफायच्या मागे लागायचं.

आणखी एक साधन आहे, फारसं कोणी वापरत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट असे चार शब्द इंग्रजीत, मध्ये जागा सोडून टाइप केलेत की विंडोज गेल्या तीन दिवसांतल्या वायफायच्या प्रत्येक जोडणीचा आणि तुटण्याचा आलेख बनवून देतं. तुटण्याचं कारणही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. शेवटच्या शब्दाऐवजी इंटरफेसेस लिहिलंत तर आत्ताचा चॅनल, सिग्नलची टक्केवारी आणि पाठवण्याचा वेग दिसतो. त्यातला ट्रान्स्मिट रेट बघा. तो ७२ वर आहे का ६.५ वर, यावरून माझा वरचा अंदाज खरा की खोटा ते ठरेल.

वेळाही कागदावर टिपून ठेवा. तुटण्याची वेळ पुष्कळ काही सांगते. बरोब्बर तासातासाने तुटत असेल तर राउटर ठरावीक वेळाने सुरक्षेची चावी बदलतो तिथे जुन्या कार्डाचा ड्रायव्हर अडखळतो आहे, असं समजा. बऱ्याच राउटरांत ही मुदत ३६०० सेकंदांची असते आणि वाढवता येते. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू झाला की तुटत असेल तर तोही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट करतो. कसलाच नेम नसेल तर दोष बहुतेक कमकुवत सिग्नलचा.

आता तुमच्या घरातल्या दोन गोष्टी आजच काढा. पहिली, बाहेरची हार्ड डिस्क. ती निळ्या रंगाच्या यूएसबी ३ च्या खाचेत लावलेली असेल, तर वायफाय तुटण्याचं एक कारण तीच असू शकते. यूएसबी ३ ची उपकरणं आणि वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. गोंगाट लॅपटॉपच्या अगदी शेजारी होतो, त्यामुळे राउटरकडून येणारा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. डिस्क काळ्या, यूएसबी २ च्या खाचेत लावा. रेकॉर्डिंगला सेकंदाला एक एमबीही लागत नाही, यूएसबी २ त्याला भरपूर झालं. त्याहून चांगलं म्हणजे लॅपटॉपच्याच डिस्कवर रेकॉर्ड करा आणि वर्ग संपल्यावर बाहेर काढून घ्या.

दुसरी गोष्ट, ब्लूटूथ इअरफोन. जुन्या लॅपटॉपांत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर, बऱ्याचदा एकाच अँटेनावर असतात, आणि दोघांचा पट्टा तोच. आवाज सतत ब्लूटूथने जात असेल तर कार्डाला वायफाय आणि ब्लूटूथ यांच्यात वेळ वाटून द्यावा लागतो. त्यात वायफायची बाजू पडते. साधा वायरचा इअरफोन लावा आणि लॅपटॉपचं ब्लूटूथ सेटिंग्जमधून पूर्ण बंद करा. पेटीच्या वर्गासाठी तर ब्लूटूथ मुळातच सोयीचं नाही, आवाज उशिरा कानावर पडतो आणि तालात अडचण होते.

मग विंडोजची काटकसर बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा कप्पा असतो. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी, अशा अर्थाची खूण तिथे असते, ती काढा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस ॲडॅप्टर सेटिंग्ज मॅक्सिमम परफॉर्मन्सवर ठेवा. लाइव्ह करताना चार्जर लावलेलाच हवा. वनड्राइव्ह, विंडोज अपडेट हे त्या वेळी माल ओढू नयेत म्हणून वायफायच्या जोडणीला मीटर्ड अशी खूण करा. घरातल्या मोबाइलांचा फोटो बॅकअपही त्या तासाभरापुरता थांबवायला सांगा.

राउटरमध्ये फार शिरायची गरज नाही, पण तीन गोष्टी बघा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा, म्हणजे कोण कशावर आहे ते कळेल. २.४ चा पट्टा ४० किंवा ऑटो असेल तर २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा ठरवा. ऑटोवर ठेवलं तर राउटर मधेच चॅनल बदलतो आणि नेमकं तेव्हा लाइव्ह तुटतं. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि एईएसवर ठेवा. नव्या राउटरांत डब्ल्यूपीए-२ आणि ३ ची मिश्र पद्धत असते, ती काही जुन्या कार्डांना झेपत नाही. चॅनल बदलण्याचा सल्ला सगळीकडे सर्रास दिला जातो. पुण्या-मुंबईच्या इमारतीत, जिथे एका खोलीत शेजाऱ्यांची वीस वायफायं दिसतात, तिथे तो अगदी योग्य. तुमच्या वाडीत आजूबाजूला दोन घरं असतील, तर त्याने फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

एवढं करूनही तुमचा प्रश्न पूर्ण सुटेल असं मी म्हणणार नाही. परिस्थिती सुधारेल. सुटेल तो वायरीने.

लाइव्हसाठी वायर हेच माझं ठाम मत आहे आणि जिथे शक्य असेल तिथे मी दुसरं काही वापरत नाही. २०१३ च्या बऱ्याच लॅपटॉपांना बाजूला लॅनची खाच असते. आहे का बघा, अनेकदा तिच्यावर रबरी झाकण असतं. ती १०० एमबीपीएसचीच असली तरी चालेल, तुम्हाला त्यातले दहाही लागणार नाहीत. खाच नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन ॲडॅप्टर मिळतो. पडवी ते माजघर अंतर वळणं धरून वीस-पंचवीस मीटर असेल. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. कॅट ५ ई किंवा कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, ती वाकवली की तुटते आणि पुढे दोष सापडता सापडत नाही.

जांभ्याची भिंत फोडायची अजिबात गरज नाही. जुन्या घरांत दाराच्या चौकटीच्या वर फट असते, किंवा माळ्यावरून वाशांच्या कडेने केबल नेता येते. घरातल्या विजेच्या वायरीला चिकटवून लांबपर्यंत नेऊ नका, मध्ये वीतभर अंतर ठेवा. केबल घराच्या बाहेरून, कौलांवरून कधीच नेऊ नका. कोकणात मे महिन्यात आणि पाऊस परतताना विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरून नेलेली तांब्याची तार राउटर आणि लॅपटॉप दोन्ही जाळू शकते. गडगडाट सुरू झाला की घरातलीही केबल काढून ठेवा. वायर लावली की लॅपटॉपचं वायफाय बंद करायला विसरू नका, म्हणजे संगणक दोन रस्त्यांत घोटाळणार नाही.

वायर नकोच असेल, म्हणजे घरातल्या मोठ्यांना ती पायात येईल अशी भीती असेल, तर जुन्या कार्डाकडून वायफायचं काम काढून घ्या. यासाठी फुकटचा उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड मोबाइल घरच्या वायफायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा, यूएसबीने लॅपटॉपला लावा आणि सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक अलीकडचे मोबाइल अशा वेळी डेटाऐवजी वायफायचंच इंटरनेट लॅपटॉपला देतात. मोबाइलचा रेडिओ तुमच्या लॅपटॉपच्या कार्डापेक्षा पुष्कळ पुढचा आहे. शिवाय यूएसबी २ ची वायर ५ मीटरपर्यंत चालते, त्यामुळे मोबाइल माजघराच्या दारात, जिथून राउटर सरळ दिसतो अशा जागी ठेवता येतो. लॅपटॉपला जागचं हलवता येत नाही, मोबाइलला येतं. ही युक्ती मी उत्सवांत अनेकदा वापरली आहे आणि नवीन काही विकत घेण्याआधी प्रत्येकाला हीच करून बघायला सांगतो. फोन आला की लाइव्हमध्ये घंटी वाजू नये म्हणून घरातला जादाचा मोबाइल वापरा.

हे चाललं तर समजा की दोष कार्डाचाच होता. मग कायमचा उपाय म्हणून ५ गिगाहर्ट्झचा यूएसबी वायफाय ॲडॅप्टर घ्यायला हरकत नाही. नखाएवढे छोटे मिळतात ते टाळा. इतक्या लहान अँटेनाने जांभ्यापलीकडे काही जात नाही. बाहेर काढलेल्या अँटेनाचा घ्या आणि मीटरभर यूएसबी वायर लावून तो लॅपटॉपपासून दूर, उंचावर ठेवा. एक लक्षात असू द्या, ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून २.४ पेक्षाही कमी जातो. मधे दोन भिंती असतील तर तिथे वायफायचा हट्ट सोडून वायरच टाकावी. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला निवडा. मधल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर राउटरला रडारचा माग ठेवावा लागतो; रडारसारखा काही सिग्नल लागला की त्याने तो चॅनल ताबडतोब सोडायचा असा नियम आहे.

लॅपटॉप उघडून आतलं कार्ड बदलण्याचाही पर्याय असतो. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस कंपनीने मान्य केलेली कार्डंच स्वीकारतो, दुसरं लावलं तर चालूच होत नाही. म्हणून आधी तुमच्या नेमक्या मॉडेलची माहिती काढा. उघडणारच असाल तर झाकणातून येणाऱ्या दोन अँटेनांच्या बारीक वायरी कार्डावर नीट बसल्या आहेत का ते पाहा. झाकण पुढे-मागे केलं की सिग्नल कमी-जास्त होत असेल, तर बिजागरीत ती वायर दुखावली आहे. जुन्या लॅपटॉपांत हे बरंच आढळतं.

घरात तो आधीचा राउटर पडून असेल तर त्याचाही उपयोग होतो. पडवीतून एक वायर माजघरापर्यंत आणून तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करून. मग लॅपटॉपही वायरने जोडता येईल आणि आतल्या खोल्यांत मोबाइललाही चांगलं वायफाय मिळेल. बिनवायरीचा रिपीटर मात्र लाइव्हसाठी मी सुचवत नाही. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं असल्याने त्याचा वेग निम्म्यावर येतो आणि तुटायला आणखी एक जागा तयार होते.

आता ओबीएस. १०८० पी आणि ६००० केबीपीएस तुमच्या लॅपटॉपसाठी जड आहे आणि या वर्गासाठी गरजेचंही नाही. पेटीच्या वर्गात हालचाल बोटांची आणि भात्याची, बाकी चित्र स्थिर. ७२० पी, सेकंदाला ३० चौकटी, २५०० केबीपीएस ठेवलंत तर बोटं स्वच्छ दिसतात. बेस कॅनव्हासही १२८० बाय ७२० च करा, म्हणजे चित्र लहान करण्याचं काम ग्राफिक्सवर पडत नाही. रेट कंट्रोल सीबीआर (स्थिर बिटरेट), की-फ्रेम दर २ सेकंदांनी. आवाज १६० केबीपीएसच्या खाली आणू नका. वर्ग सुरांचा आहे, काटकसर चित्रात करायची. ॲडव्हान्स्डमध्ये जाळं अडखळलं की बिटरेट आपोआप कमी करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. आपोआप पुन्हा जोडणीचाही चालू ठेवा, मधला वेळ दोन-तीन सेकंद. यूट्यूबच्या बाजूला लेटन्सी (बघणाऱ्यापर्यंत पोचायचा उशीर) नॉर्मल निवडा. अल्ट्रा लो निवडलं की बघणाऱ्याकडे साठा जवळपास नसतो आणि तुमच्याकडची छोटीशी अडखळही त्याला दिसते.

एन्कोडिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर एन्कोडरच्या यादीत क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या चिपमधलाच चित्र आवळणारा भाग, दिसतो का पाहा. इंटेलने तो २०११ च्या दुसऱ्या पिढीपासून दिला आहे. दिसत नसेल किंवा नीट चालत नसेल तर एक्स-२६४ ठेवून प्रीसेट सुपरफास्ट करा. आणि लॅपटॉपचा पंखा साफ करून घ्या. दहा-बारा वर्षांची धूळ बसलेला लॅपटॉप वीस मिनिटांत तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि मग सगळंच अडतं. वर्ग सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं बरी आणि मग सतत त्रास, असा क्रम असेल तर आधी उष्णतेकडे बघा.

राउटरच्या पलीकडचा दोष निघाला तर फायबरच्या डब्यावर लॉसचा लाल दिवा लुकलुकतो का ते पाहा. राउटरच्या माहितीपानावर आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. ती वजा १५ ते वजा २५ च्या दरम्यान असेल तर ठीक. वजा २७ च्या जवळ पोचली तर लाइन कधीही तुटू शकते. खांबाखांबावरून, झाडांतून आलेल्या केबलला पावसाळ्यात हे होतंच. तो आकडा फोटोसकट कंपनीला पाठवा. नुसतं नेट स्लो आहे म्हटलं तर राउटर बंद करून चालू करा एवढंच उत्तर येतं, आकडा दिला की माणूस येतो. राउटरचा अपटाइमही, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते, बघा. वर्गाच्या मधे तो शून्यापासून सुरू झाला असेल तर राउटरच बंद पडून चालू होतो आहे, म्हणजे वीज डोळा मारते आहे किंवा त्याचा ॲडॅप्टर थकला आहे. राउटरला लागणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस अशा गावात असलाच पाहिजे.

क्रम असा ठेवा: या शनिवारी डिस्क आणि ब्लूटूथ काढा, ७२० पी करा, पिंगच्या दोन खिडक्या उघड्या ठेवून वर्ग घ्या. जमलं तर त्याआधी एकदा मोबाइलच्या टेदरिंगवर चाचणी करा. एका वेळी एकच बदल केलात तर कशाने फरक पडला ते कळेल, पण आईंचा वर्ग अडू नये म्हणून पहिल्या दोन-तीन गोष्टी एकदम केल्यात तरी मला चालेल. तरीही तुटलं तर मला एवढं कळवा: तुटलं त्या वेळी दोन्ही खिडक्यांत काय होतं, ओबीएसचे तिन्ही आकडे, ट्रान्स्मिट रेट, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारं वायफाय कार्डाचं पूर्ण नाव. एवढ्यावरून पुढचं सांगता येईल.